घर घेताना आपल्या बाजूचा एजंट

घरखरेदीवरच्या प्रश्नांसाठी आलेल्या पत्रांत बरीचशी एजंटाबद्दल आहेत. तो घ्यावा का, कुठला घ्यावा, पैसे किती द्यावेत, आणि मुळात तो कुणाचा असतो? त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न: बाणेरला दोन बीएचके रीसेल फ्लॅट बघतोय. मालक 95 लाख सांगतोय. ज्याने फ्लॅट दाखवला तोच ब्रोकर मालकाकडून एक टक्का आणि आमच्याकडून एक टक्का घेणार आहे. मित्र म्हणतो, स्वतःचा वेगळा एजंट घे. पण एका घरासाठी दोन-दोन दलाल कशाला? — वाचक, पुणे

तुम्ही एक टक्का देणार म्हणून तो ब्रोकर तुमचा होत नाही. फ्लॅट त्याच्याकडे मालकाने दिला आहे. मालक खरोखर कितीला सोडेल, फ्लॅट किती महिने पडून आहे, आधीचा व्यवहार कशामुळे फिसकटला, हे त्याला ठाऊक असतं, पण ते तुम्हाला सांगणं त्याला परवडत नाही. दोन्हीकडून घेणाऱ्याचा फायदा व्यवहार होण्यात असतो, तो कितीला झाला यात नाही. यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही, व्यवस्थाच तशी आहे. म्हणून भाव ठरवताना आणि कागद तपासताना तुमच्या बाजूने बोलणारा माणूस वेगळाच लागतो.

असा माणूस पहिलं काम कोणतं करतो, तर त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे सरकारी सारांश, काढतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर ते कुणालाही बघता येतात, पण नेमका गट किंवा सर्व्हे नंबर, इमारतीचं दप्तरी नाव आणि वर्ष टाकायला सराव लागतो. इंडेक्स टूवर 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन आकडे असतात. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली खरी रक्कम. बाजारभाव म्हणजे सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून काढलेली किंमत. बाजारभावाच्या आकड्यावर घासाघीस करायला जाऊ नका, त्याचा उपयोग मुद्रांक शुल्कापुरता. तुमचा आकडा मोबदल्याचा.

आता तुमचाच फ्लॅट घेऊ. समजा दस्तात क्षेत्रफळ 62.5 चौरस मीटर कार्पेट आहे. 10.764 ने गुणलं की 673 चौरस फूट होतात. 95 लाखांना फुटामागे 14,100 रुपयांच्या वर पडले. आता त्याच इमारतीत याच मापाचे तीन फ्लॅट गेल्या काही महिन्यांत 84, 86.5 आणि 88 लाखांना गेल्याचं इंडेक्स टूवर दिसलं, तर दर 12,500 ते 13,100 च्या दरम्यान आहे. बोलणी 95 वरून खाली यायची नसतात, 86 वरून वर जायची असतात. एजंटाने इथे तीन गोष्टी ताडून बघायला हव्यात. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप, पार्किंग धरून किंमत आहे का, आणि व्यवहार नातेवाइकांत तर झालेला नाही ना. यातली एक जरी चुकली तर तुलना फसते.

दुसरं काम सोसायटीच्या ऑफिसात. मेंटेनन्स थकला आहे का, गळतीची तक्रार आहे का, लिफ्ट बदलण्यासाठी किंवा रंगकामासाठी वर्गणी लागायची आहे का, जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली आहे का, पार्किंग खरंच या सभासदाच्या नावावर आहे की नुसती सवयीने लावलेली गाडी आहे. हस्तांतरणासाठी सोसायटी किती मागते हेही तेव्हाच विचारायचं. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. त्यापलीकडे 'डोनेशन' मागणाऱ्या सोसायट्या आजही आहेत, आणि खरेदीदाराला ते कळतं खरेदीखत झाल्यावर.

तिसरं काम मालकाच्या कर्जाचं. रीसेलमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. मूळ कागद मालकाच्या बँकेत असतात. त्या बँकेकडून कागदांची यादी आणि कर्जफेडीची बाकी रक्कम लेखी घ्यायची. तुमची बँक त्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट थेट मालकाच्या बँकेच्या नावे काढते. कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत द्यावेत, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. तरी तारीख साठेखतात धरताना हे 30 दिवस मोजून धरा. मालकाच्या एजंटाला ही तारीख लवकरची हवी असते. तुमच्या एजंटाचं काम ती तुमच्या बँकेला झेपेल अशी ठेवणं.

आता दुप्पट खर्चाची शंका. तुमचा एक टक्का तुमच्या एजंटाला, मालकाचा एक टक्का मालकाच्या ब्रोकरला. बाजारात याला 'साइड-बाय-साइड' म्हणतात, आणि ही पद्धत नवी नाही. अट एकच. फ्लॅट बघायला जाण्यापूर्वी तुमच्या एजंटाने समोरच्या ब्रोकरला फोन करून हे ठरवून घ्यायला हवं. तुम्ही हा फ्लॅट त्या ब्रोकरबरोबर आधीच बघितला आहे आणि दलाली कबूल केली आहे, म्हणून या एका फ्लॅटसाठी त्याचा हक्क मानावा लागेल. इथे वेगळा एजंट टक्केवारीवर न घेता, भावतपासणी आणि सोसायटीतली चौकशी एवढ्या कामापुरती ठरावीक रक्कम देऊन घ्या. पुढचा फ्लॅट बघायचा झाला तर मात्र आधी आपला माणूस, मग फ्लॅट.

प्रश्न: घोडबंदर रोडला बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये घर घ्यायचं आहे. चॅनल पार्टनर, म्हणजे बिल्डरसाठी गिऱ्हाईक आणणारा एजंट, म्हणतो, माझी फी बिल्डर देतो, तुम्हाला एक रुपयाही पडत नाही. मग फुकट मिळतोय तो एजंट का सोडायचा? — गृहिणी, ठाणे

फी बिल्डर देतो हे खरं. ती तुमच्या किमतीतूनच दिली जाते हेही तितकंच खरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती प्रत्येक प्रोजेक्टमध्ये सारखी नसते. ज्याचे फ्लॅट अडकलेत तो बिल्डर जास्त टक्के देतो, वर 'या महिन्यात तीन बुकिंग आणलीत तर' असा वेगळा इन्सेन्टिव्ह. तुम्हाला रविवारी दाखवायचे चार प्रोजेक्ट कोणत्या क्रमाने निवडले गेले, याचा विचार या माहितीच्या उजेडात करा.

साइट ऑफिसात पाऊल टाकताच टॅबवर तुमचं नाव, मोबाइल नंबर घेतात आणि ओटीपी मागतात. 'कुठून कळलं?' असं विचारून समोर एका चॅनल पार्टनरचं नाव भरतात. त्या क्षणी तुम्ही त्या पार्टनरच्या खात्यावर टॅग होता, आणि ते टॅगिंग बिल्डरच्या नियमाप्रमाणे काही आठवडे टिकतं. नंतर तुम्ही स्वतःचा एजंट घेऊन गेलात तर बिल्डर त्याला ओळखत नाही. पोर्टलवर नुसता नंबर टाकून 'इंटरेस्टेड' दाबलं तरी हेच होतं. म्हणून एजंट ठरेपर्यंत साइटवर जाऊ नका आणि पोर्टलवर आपला नंबर सोडू नका. ही एक गोष्ट पाळली तरी तुमचा हात वर राहतो.

आपला एजंट असला तरी बिल्डर त्याला दलाली देऊ करेलच. त्यात वाईट काही नाही, फक्त ती तुम्हाला लेखी कळली पाहिजे आणि तुम्ही त्याला देत असलेल्या फीतून वजा झाली पाहिजे. बदल्यात त्याच्याकडून काय घ्यायचं? महारेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावरचं प्रोजेक्टचं पान त्याने तुमच्या शेजारी बसून वाचून दाखवावं. पूर्णत्वाची मूळ तारीख कोणती होती आणि किती वेळा वाढवली, जमिनीवर किंवा प्रोजेक्टवर कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात दावे आहेत का, किती फ्लॅट बुक झाल्याचं बिल्डरने स्वतः भरलं आहे. साइटवर 'शेवटचे दोनच उरलेत' असं सांगतात तेव्हा हा शेवटचा आकडा उघडून बघावा.

मग कॉस्ट शीट. मूळ दर, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा दर), पार्किंग, इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस, 18 किंवा 24 महिन्यांचा आगाऊ मेंटेनन्स, घराच्या किमतीवर 5 टक्के जीएसटी, ठाण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30,000 रुपये नोंदणी फी. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटी लागत नाही, हे बरोबरीची तुलना करताना धरलंच पाहिजे. घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्याचा हिशोब एजंटाने आपणहून मांडायला हवा. बोलणी करताना लक्षात ठेवा, बिल्डर जाहीर दर सहसा मोडत नाही, कारण आधीचे ग्राहक भांडायला येतात. तो सोडतो ते फ्लोअर राइजमध्ये, पार्किंगमध्ये, हप्त्यांच्या टप्प्यांत. जाणता एजंट दरावर डोकं आपटत बसत नाही, या कडांवर बोलतो.

प्रश्न: एजंट खरा की भुरटा हे कसं ओळखायचं? — वाचक, छत्रपती संभाजीनगर

रेरा कायद्याच्या कलम 9 प्रमाणे नोंदणीकृत प्रोजेक्टमधलं घर विकून किंवा घेऊन देणाऱ्या प्रत्येक एजंटाची नोंदणी लागते. महारेराचा एजंट क्रमांक 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रोजेक्टचा 'पी'ने. जाहिरातीवर 'पी' दाखवून 'आम्ही रेरा रजिस्टर्ड' म्हणणारे भेटतात. तो क्रमांक प्रोजेक्टचा असतो, त्यांचा नव्हे. नंबर मिळाला की संकेतस्थळावर टाकून नोंदणी चालू आहे का बघा. एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणं आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळवणं महारेराने बंधनकारक केलं आहे. ते न मिळवलेल्या हजारो एजंटांच्या नोंदण्या 2024 मध्ये स्थगित झाल्या. तेव्हा जुनं, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं तरी ऑनलाइन तपासणी सोडू नका.

मोठी फट रीसेलमध्ये आहे. जुन्या इमारतीतला, रेरा नोंदणी नसलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट विकायला एजंटाला ही नोंदणी लागत नाही, आणि त्याच्याविरुद्ध महारेराकडे जाताही येत नाही. तरीही आम्ही सांगू की रीसेलसाठीसुद्धा नोंदणी असलेलाच निवडा. ज्याला नोंदणी घालवायची भीती आहे तो जरा सांभाळून बोलतो.

भेटीत दोन प्रश्न विचारा. 'गेल्या वर्षभरात तुम्ही कुठल्या गिऱ्हाइकाला घर घेऊ नका असं सांगितलं, आणि का?' आणि 'या भागात तुमच्याकडे विकायला किती फ्लॅट आहेत?' पहिल्याला उत्तर नसेल तर तो विकणाराच आहे. दुसऱ्याचं उत्तर मोठं असेल तर तुम्हाला आधी त्याचेच फ्लॅट बघावे लागतील.

प्रश्न: एजंटाशी करार करायचा म्हणजे नेमकं काय लिहायचं? आणि फी किती ठरवायची? आमच्याकडे सगळं तोंडीच चालतं. — निवृत्त शिक्षक, सातारा

तोंडी चालतं म्हणूनच भांडणं होतात. दोन पानांचं साधं पत्र पुरतं. त्यात तुमचं नाव, एजंटाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, कुठल्या भागात, किती बजेटमध्ये, कशा घराचा शोध, आणि मुदत. मुदत तीन महिन्यांपेक्षा जास्त देऊ नका. हवी तर वाढवता येते. त्याने दाखवलेल्या घरांची यादी तारखेसह ठेवायची आणि फी फक्त त्या यादीतल्या घरावर. नाही तर तुम्ही मेव्हण्याच्या ओळखीने घेतलेल्या घरावरही तो फी मागेल.

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य असं हवं: 'या व्यवहारातून मला विक्रेता, बिल्डर, बँक किंवा अन्य कुणाकडूनही काही मोबदला मिळणार असेल तर तो मी व्यवहार ठरण्यापूर्वी लेखी कळवीन, आणि तेवढी रक्कम आपल्याकडून घ्यायच्या फीतून वजा होईल.' बँक हा शब्द गाळू नका. गृहकर्ज मिळवून दिल्याबद्दलही काही एजंटांना पैसे मिळतात. मग तो कमी व्याजाची बँक सुचवेल की जास्त कमिशनची, ते सांगता येत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे नेमणाऱ्याला न सांगता एजंटाने स्वतःसाठी कमावलेला फायदा त्या नेमणाऱ्याला, म्हणजे इथे तुम्हाला, मागता येतो. पण तो मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. एक वाक्य लिहून घेणं सोपं.

आता फी. रीसेलला खरेदीदाराकडून एक टक्का ही सर्वसाधारण पद्धत, मुंबईत काही भागांत दोन टक्केही मागतात. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर 18 टक्के. म्हणजे 90 लाखांच्या घराला 90,000 अधिक 16,200, एकूण 1,06,200 रुपये. जीएसटी मागत असेल तर जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. क्रमांक नसताना 18 टक्के घेणं चूक आहे.

टक्केवारीत एक अडचण आहे. एजंटाने घासून तुमचे 2 लाख वाचवले तर त्याची स्वतःची फी 2,000 ने कमी होते. आणि 'हे घर घेऊ नका' म्हटलं तर फी शून्य. तुमच्या बाजूने काम करायची शिक्षाच ती. म्हणून आम्ही सांगतो की एक टक्क्याऐवजी ठरावीक रक्कम ठरवा. 90 लाखांच्या आसपासचं घर शोधताय तर समजा 70,000 ठरले. त्यातले 10,000 सुरुवातीला, परत न मिळणारे. हे पैसे शोधाचे आणि 'नको' म्हणण्याचे. उरलेले 60,000 घर मिळाल्यावर. त्यावर, इंडेक्स टूवरून दोघांनी मिळून ठरवलेल्या योग्य किमतीपेक्षा जेवढ्या कमीत व्यवहार होईल त्या फरकाचे 10 टक्के बक्षीस. हा फरक मालकाने सांगितलेल्या किमतीपासून मोजू नका. मालक फुगवूनच सांगतो, आणि मग कमी करून आणल्याचं श्रेय फुकट जातं.

घर मिळाल्यावरची रक्कमही एकदम देऊ नका. निम्मी साठेखताची नोंदणी झाल्यावर, निम्मी ताबा आणि शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढल्यावर. बरेच एजंट नोंदणीच्या दिवशीच पूर्ण मागतात, आणि ते मिळाले की सोसायटीच्या हस्तांतरणाच्या वेळी फोन उचलत नाहीत. टोकन देतानाच पूर्ण दलाली मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

प्रश्न: वकील नेमला तर एजंटाची गरज उरते का? — वाचक, डोंबिवली पूर्व

दोघांची कामं वेगळी आहेत, आणि तुमच्या गावात तर दोघंही हवेत. वकील मालकी हक्काचा 30 वर्षांचा शोध घेतो, दस्त तपासतो, मसुदा करतो. फ्लॅटचा योग्य भाव काय, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर टॉवर येणार का, पाणी टँकरचं आहे का, हे वकील बघत नाही आणि बघायची अपेक्षाही नसते. उलट एजंटाने मालकी हक्काबद्दल कितीही छातीठोक सांगितलं तरी ते मत आहे, तपासणी नाही. वकील एजंटानेच सुचवलेला नको. तो तुम्ही वेगळा शोधा.

कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीत 65 इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांनी रेरा नंबर बघितला होता, अनेकांना बँकांनी कर्जही दिलं होतं. याचा धडा असा की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत हातात घेऊन ती महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळायची. क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर, मंजूर मजले. प्रमाणपत्र सात मजल्यांचं आणि तुमचा फ्लॅट आठव्यावर, असंही घडतं. अर्ज करणं, खेटे घालणं, लेखी उत्तर आणणं हे तुमच्या एजंटाचं काम म्हणून पत्रात नावानिशी लिहा. आलेल्या उत्तराचा अर्थ लावायचं काम वकिलाचं.

प्रश्न: एजंट म्हणतो आज संध्याकाळपर्यंत एक लाख टोकन दिलं नाही तर फ्लॅट जाईल. द्यावं का? — वाचक, नाशिक

फ्लॅट गेला तर जाऊ द्या. खरंच द्यायचं असेल तर रक्कम लहान ठेवा, मालकाच्याच बँक खात्यात चेकने किंवा ऑनलाइन द्या, एजंटाच्या खात्यात कधीही नको. आणि पावतीवर मालकाची सही घेऊन लिहून घ्या की 21 दिवसांत कर्ज मंजूर झालं नाही किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत. ही अट नसेल तर मन बदललं म्हणून मालक टोकन ठेवून घेतो आणि तुमच्याकडे कागद नसतो.

नवीन प्रोजेक्ट असेल तर संरक्षण जास्त आहे. साठेखताची नोंदणी होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रात बुकिंग रद्द केल्यास पहिल्या 15 दिवसांत काही कापायचं नाही, 16 ते 30 दिवसांत एक टक्का, 31 ते 60 मध्ये दीड, त्यानंतर दोन टक्के अशी पायरी आहे. बिल्डरने दिलेल्या फॉर्ममध्ये याहून कडक अट असेल तर सही करण्यापूर्वी एजंटाने ती तुमच्या नजरेला आणायलाच हवी. बुकिंगच्या वेळी प्रोजेक्टची सगळी माहिती आणि कागद ग्राहकाला मिळवून देणं हे रेराच्या कलम 10 प्रमाणे त्याचं कर्तव्यच आहे.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत पहिलं घर घेतोय. एजंट घर दाखवायच्या आधीच करारावर सही मागतोय. भारतात असं कधी बघितलं नाही. यात फसवणूक तर नाही? — वाचक, एडिसन

फसवणूक नाही. अमेरिकेत रिअल्टरांच्या, म्हणजे घरांच्या एजंटांच्या, संघटनेवरच्या दाव्यातल्या तडजोडीनंतर 17 ऑगस्ट 2024 पासून तिच्या यंत्रणेतल्या एजंटांनी घर दाखवण्यापूर्वी खरेदीदाराशी लेखी करार करणं आवश्यक झालं. पूर्वी विक्रेता दोन्ही एजंटांचे पैसे देई आणि त्याचा आकडा एमएलएसवर, म्हणजे विक्रीच्या घरांच्या एजंटांच्या सामायिक यादीत, असे. आता तो आकडा तिथे टाकता येत नाही. म्हणून तुमच्या एजंटाला किती आणि कोण देणार हे तुमच्या करारात स्पष्ट लागतं. 6 लाख डॉलरच्या घराला अडीच टक्के म्हणजे 15,000 डॉलर. विक्रेत्याने ते देण्याची मागणी ऑफरमध्येच घालता येते, पण त्याने नकार दिला तर ते तुमच्या खिशातून जातात, आणि डाउन पेमेंट जेमतेम जमवलेल्या कुटुंबाला हा धक्का मोठा असतो.

करारात तीन गोष्टी बघा. फी नेमक्या आकड्यात किंवा टक्क्यात हवी, 'विक्रेता देईल ते' असं मोघम चालत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त रक्कम तो कुणाकडूनही घेऊ शकत नाही. आणि मुदत लहान ठेवा. एजंट नवा असेल तर एका घरापुरता किंवा एका आठवड्यापुरता करार मागा, तसं करता येतं. ओपन हाउसला स्वतःहून जायला करार लागत नाही. तोच एजंट विक्रेत्याचाही असेल तर न्यू जर्सीत त्याला ते उघड करून तुमची लेखी संमती घ्यावी लागते. आमचा सल्ला, ती देऊ नका. एजंटाने तयार केलेला खरेदी करार दोन्ही सह्या होऊन हातात आल्यावर वकिलाकडून तपासून घ्यायला तुम्हाला तीन कामकाजाचे दिवस मिळतात. ते दिवस वाया घालवू नका, वकील ऑफर द्यायच्या आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न: स्वतःचा एजंट कधी लागतच नाही? — वाचक, कोल्हापूर

लागत नाही अशा जागा बऱ्याच आहेत. त्याच सोसायटीत शेजारचा फ्लॅट घेताय, भाव माहीत आहे, माणूस माहीत आहे, तर वकील पुरे. नात्यात व्यवहार असेल तर एजंट नको, पण बँकेचा मूल्यांकन अहवाल जरूर घ्या, म्हणजे पुढे कुणी कमी-जास्तीचं बोलत नाही. गावाकडे जिथे खरेदीदाराच्या बाजूचं काम करणारा कुणीच नाही, तिथे 'तुमचाच समजा' म्हणणाऱ्या विकणाऱ्याला आपला मानण्यापेक्षा वकील, मोजणी आणि तुमची स्वतःची दोन फेऱ्यांची चौकशी बरी.

किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर मालकाला देताना 1 टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची आहे, एजंट असो वा नसो. मालक परदेशस्थ असेल तर दर बराच जास्त आणि नियम वेगळे, तेव्हा पैसे देण्यापूर्वी सीएकडे जा.

आणि म्हाडाच्या सोडतीत एजंट अजिबात नको. म्हाडाने घरं वाटायला कुणालाही एजंट नेमलेलं नाही, हे म्हाडा प्रत्येक जाहिरातीत सांगते. अर्ज, अनामत, सोडत, देकारपत्र सगळं ऑनलाइन आणि अर्जदाराच्याच नावे होतं. 'आतून घर लावून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याचा नंबर पोलिसांकडे द्या.